स्मॉल सी निगेटिव्ह

माझा रक्तगट बी पॉझिटिव्ह. सोलापुरात कुणालाही सांगा, समोरचा लगेच म्हणतो, "मग कशाला काळजी करताय, कुठंबी मिळतंय की." मिळतं खरंच. आपल्या देशात ओ आणि बी हेच दोन गट सगळ्यात जास्त. थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मलेल्या आणि दर तीन आठवड्यांनी रक्त चढवून घ्यावं लागणाऱ्या मुलीचा गट बी पॉझिटिव्ह असावा, यात आईला देवाचा हात दिसायचा.

आम्ही कुंभारीत राहतो, गोदूताई परुळेकर वसाहतीत. 2006 साली विडी कामगार बायकांना इथं हक्काची घरं मिळाली, तब्बल दहा हजार. त्यातलं एक आईचं. अलीकडे रे नगरही उभं राहिलंय. 2024 च्या जानेवारीत पंतप्रधान येऊन चाव्या देऊन गेले. म्हणजे कधीकाळी माळरान असलेल्या या भागात आता माणसांना तोटा नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण माझं रक्त शेवटी या माणसांतच सापडलं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. नेहमीप्रमाणे दोन पिशव्या चढल्या, घरी आले, अभ्यासाला बसले. आठवडाभरानं अंगात कणकण, कंबरेत कळा, डोळे पिवळे आणि लघवी गडद तपकिरी. शेजारच्या अक्कांनी कावीळ ठरवून टाकली आणि कुठल्याशा गावचं नाकात सोडायचं औषधही सुचवलं. भावानं ऐकलं नाही, दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन 6.8 निघालं. रक्त चढवण्याआधी ते नऊच्या आसपास होतं. दोन पिशव्या आत गेल्या आणि आकडा वर जायच्या ऐवजी खाली आला.

रक्तपेढीतल्या लॅबच्या सरांनी कूम्ब्स टेस्ट केली, ती पॉझिटिव्ह आली. माझ्याच शरीरानं त्या दोन्ही पिशव्यांतल्या पेशी फोडल्या होत्या.

आईला हे काही केल्या पटेना. कारखान्यात विड्या द्यायला गेलं की तिथं माल तपासतात, खराब तेवढा छाट काढतात आणि उरलेला पास करतात. हे ती जन्मभर बघत आलीय. तिनं सरांना विचारलं, "तुम्ही तर रक्त जुळवून पास केलं होतं. मग पास झालेला माल परत कसा आला?"

सरांनी तिला स्टुलावर बसवून समजावलं. ए, बी, ओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ही रक्ताची फक्त वरवरची ओळख. लाल पेशीच्या पृष्ठभागावर आणखी कितीतरी खुणा असतात, त्यांना अँटिजेन म्हणतात. आज रक्तगटांच्या 45 हून जास्त प्रणाली माहीत आहेत आणि अँटिजेन साडेतीनशेच्या वर. ज्याला आयुष्यात एकदा-दोनदाच रक्त लागतं, त्याचं यावाचून बहुधा अडत नाही. माझ्यासारखीला वर्षाला तीसेक परक्या माणसांचं रक्त मिळतं. माझ्या पेशींवर नसलेली खूण त्यांच्या पेशींवर पुनःपुन्हा दिसत राहिली की शरीर एक दिवस तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. पुढं ती अँटिबॉडी ओसरते, इतकी की जुळवणीच्या वेळी दिसतही नाही, म्हणून माल पास होतो. पण शरीराच्या आठवणीत ती असते. तीच खूण पुन्हा आत आली की काही दिवसांत अँटिबॉडीचा पूर येतो.

माझ्या पेशींवर मोठा सी आहे, लहान सी नाही. तसाच लहान ई आहे, मोठा ई नाही. लॅबमध्ये 'स्मॉल सी निगेटिव्ह, बिग ई निगेटिव्ह' असं म्हणतात. नेमक्या या दोन्ही खुणांविरुद्ध माझ्यात अँटिबॉडी तयार झाल्या होत्या. आपल्याकडच्या थॅलेसेमियाच्या रुग्णांत वरचेवर सापडणाऱ्या अँटिबॉडींमध्ये या दोन्ही येतात, तिसरी केल नावाच्या अँटिजेनविरुद्धची.

त्याच दिवसांत वसाहतीतला एक कार्यकर्ता फटफटीवर एका पोराला घेऊन वॉर्डात हजर झाला. पोरगा ओ निगेटिव्ह. "हे सगळ्यांना चालतंय, ताई. घ्या म्हणावं किती पाहिजे तेवढं." त्याचा चेहरा इतका फुलला होता की सरांना नाही म्हणणं जड गेलं. पण ज्यांच्या पेशींवर डी ही खूण नसते त्या निगेटिव्ह माणसांच्या पेशींवर लहान सी जवळजवळ हमखास असतो. सगळ्यांना चालणारं म्हणून अडीअडचणीला जे रक्त लावतात, नेमकं तेच मला घातक. सरांनी त्याचं रक्त घेतलं, दुसऱ्या कुणासाठी. कार्यकर्ता मात्र आजही मला भेटला की म्हणतो, "तुमचं रक्त लई भारी हाय, ओ निगेटिव्हबी चालत नाही."

दुसरा माणूस माझा भाऊ. त्याच्या खुणा माझ्याशी तंतोतंत जुळत होत्या आणि तो बाही वर करून तयारच होता. डॉक्टरांनी त्यालाही नकार दिला. सख्ख्या नात्यातलं रक्त जसंच्या तसं दिलं तर त्यातल्या पांढऱ्या पेशी घेणाऱ्याच्या शरीरावरच उलटण्याचा धोका असतो. ते आधी किरणोत्साराखालून काढावं लागतं. शिवाय उद्या कधी बोन मॅरो बदलायचं ठरलं तर भावाच्या पेशींची ओळख माझ्या शरीराला आधीच झालेली चालत नाही. भाऊ बाहेर जाऊन बराच वेळ फाटकाशी उभा होता.

माझ्या पेशींवर नेमकं काय आहे हे ठरवणंही सोपं नव्हतं. एव्हाना माझ्या नसांत माझ्यापेक्षा इतरांच्याच पेशी जास्त होत्या, त्यामुळं साध्या चाचणीत सगळ्यांची सरमिसळ दिसायची. अशा वेळी डीएनएवरून शोध घ्यावा लागतो. म्हणून भाऊ नमुन्याच्या नळ्या थर्माकोलच्या डब्यात बर्फावर ठेवून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला गेला. परळला केईएमच्या आवारात तेराव्या मजल्यावर राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. 1957 साली ती रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. त्याआधी पाच वर्षं, 1952 मध्ये, डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतच 'बॉम्बे' रक्तगट जगापुढं आणला होता. पुढं 1973 मध्ये आणखी एक अँटिजेन मुंबईतच सापडला आणि त्याच्या प्रणालीला तर 'इंडियन' हेच नाव मिळालं. भावाला यातलं काही माहीत नव्हतं. डबा सांभाळत तो रात्रभर जागा राहिला होता एवढंच.

बॉम्बे गटाची बातमी आपण पेपरात वाचतो: अमक्या गावाहून तमक्या शहरात रक्त रातोरात पोचवलं. तो गट मुंबईत दहा हजारांत एखाद्याचा. माझं तसं नाही, हेच मला लोकांना सांगत बसावं लागतं. आपल्याकडे शंभरातल्या चाळीस-पंचेचाळीस जणांच्या पेशींवर लहान सी नसतोच, आणि त्यांतल्या बहुतेकांवर मोठा ईसुद्धा नसतो. म्हणजे मला लागणारं रक्त रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये बहुधा रोज पडलेलं असतं. पिशवीवर फक्त 'बी पॉझिटिव्ह' लिहिलेलं असतं, पुढचं कुणी बघितलेलं नसतं, इतकंच. दुर्मिळ रक्ताचं कौतुक होतं. न तपासलेल्या रक्तापायी आमच्यासारखे किती जण आजारी पडतात याची बातमी होत नाही.

सरांनी मग एक साधा उपाय काढला. दर वेळी पिशव्या उपसत बसण्यापेक्षा नेहमीचे रक्तदातेच तपासून ठेवायचे. चौदा एप्रिलच्या शिबिरात भावानं आणि त्याच्या मित्रांनी वसाहतीतली, गावातली पोरं जमवली. बी आणि ओ पॉझिटिव्ह दात्यांचा एक जादा नमुना घेऊन सी, ई आणि केल बघितले. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. वर्षाला तीस पिशव्या म्हणजे निदान आठ पुरुष दाते हवेत. पण कुणाला ताप येतो, कुणाचं लग्न निघतं, कुणी अंगावर नवीन गोंदवून येतो. म्हणून दुप्पट धरले. यादीत रिक्षावाले आहेत, यंत्रमागावरचे कामगार आहेत, मेडिकल कॉलेजातला एक विद्यार्थीही आहे. आईची एक विडी कामगार मैत्रीण वजनात बसेना; पंचेचाळीस किलो भरायला तिनं दोन महिने शेंगदाणे खाल्ले.

माझ्या पर्समध्ये एक कार्ड असतं. त्यावर माझ्या सगळ्या खुणा आणि दोन्ही अँटिबॉडींची नावं आहेत. परीक्षेसाठी पुण्यात राहायची वेळ आली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, अँटिबॉडी स्क्रीन निगेटिव्ह आली, पिशवीही जुळली. मी कार्ड पुढं केलं. त्यांनी ते वाचलं, फोन लावला आणि दुपारपर्यंत स्मॉल सी निगेटिव्ह पिशवी मागवली. तोवर मी परीक्षेची गाइड वाचत पडून होते.

गेल्या पावसाळ्यात वसाहतीतल्या एका सात महिन्यांच्या बाळाला थॅलेसेमिया निघाला. त्याची आई माझ्याकडे आली आणि गोळ्यांचं विचारू लागली. शरीरात साचणारं लोह काढणाऱ्या गोळ्या. मी म्हटलं, गोळ्यांचं नंतर बघू, पहिली पिशवी लागली का? नव्हती लागली. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत गेले. पहिल्या पिशवीच्या आधी पूर्ण टायपिंगसाठी एक नळी भरून घ्या, असं वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरला सांगितलं. तो म्हणाला, गट तर आलाय, ओ पॉझिटिव्ह. मी कार्ड काढलं. तो वाचत असतानाच बाळाची आई मला हळूच म्हणाली, "ताई, एवढ्याशा जिवाचं अजून किती रक्त काढणार?" दोन मिलिलिटर, मी म्हटलं. आज घेतलं तर परळला जावं लागणार नाही. नळी भरली. बाळाच्या पेशींवर लहान सी निघाला, मोठा ई आणि केल नाहीत. म्हणजे त्याला मोठा ई आणि केल टाळून रक्त द्यायचं, हे पहिल्याच पिशवीला ठरलं.

सध्या यादीचं जरा अवघड आहे. सोलापूरची पोरं शिकली की पुण्याला जातात, तसे आमचेही काही दाते गेले. त्यातला एक जण सुट्टीला आला की स्टेशनवरून थेट रक्तपेढीत येतो, पण त्याच्या भरवशावर यादी चालत नाही. भावाला रे नगरात नवीन ओळखी काढायच्या आहेत. तिथं तरुण पोरं भरपूर आहेत. सरांनी टायपिंगची कार्डं जास्तीची मागवून ठेवलीत आणि विचारलंय, शिबिर रविवारी ठेवायचं की विडी कारखान्याच्या पगाराच्या दिवशी. आई म्हणते, पगाराच्या दिवशी ठेवा, त्या दिवशी बायका नवऱ्यांना घेऊन येतात.