भूखंडधारक आणि भाडेकरू

संगणकावरचे खेळ हा मराठीच्या अध्यापकांनी लिहिण्याचा विषय आहे का, असा प्रश्न स्टाफरूममध्ये अधूनमधून विचारला जातो. आमचे उत्तर साधे आहे. ज्या कलाकृतींविषयी आमचे विद्यार्थी पाठ्यपुस्तकापेक्षा कितीतरी अधिक तळमळीने भांडतात, त्यांच्याकडे पाठ फिरवणे साहित्याच्या शिक्षकाला परवडणारे नाही. ह्या भांडणांतले सर्वांत चिवट भांडण मात्र कथानकाचे किंवा पात्रांचे नसते. ते असते यंत्राचे. खेळ पीसीवर खेळावा की कन्सोलवर? आणि खेळांचे प्रकाशक पीसीवाल्यांना सावत्र मुलासारखे का वागवतात? बाहेरून ऐकणाऱ्याला हा वाद पोरकट वाटतो. आम्हांलाही बराच काळ तो गंमतीचा भाग वाटे. पण त्याच्या तळाशी आमच्याच विषयातला एक जुना प्रश्न आहे : कृती कुणाची? लिहिणाऱ्याची, छापणाऱ्याची, की विकत घेऊन वाचणाऱ्याची?

ह्या प्रश्नाकडे पाहण्याची एक रीत आम्हांला आमच्या वस्तीनेच शिकवली. आम्ही चारकोपला राहतो. कांदिवली पश्चिमेच्या ह्या टोकाला जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प राबवला गेला, तो १९८५ पासूनच्या दशकात. म्हाडाने इथे अल्प उत्पन्न गटांसाठी तयार घरे बांधून दिली नाहीत. लहान लहान भूखंड आखून दिले. रस्ता, पाणी, गटारे ह्या सोयी शासनाच्या, घर ज्याचे त्याने बांधायचे. साधारण ३५ भूखंडांची एक सहकारी संस्था आणि मध्ये मोकळी जागा, अशी रचना. ज्याच्या गाठीशी पैसे होते त्याने स्लॅब टाकला, नव्हते त्याने पत्रे घातले. मुलगा नोकरीला लागला की वर खोली चढली, मुलीच्या लग्नात पुढचा भाग रंगला, कुणी तळमजल्यावर पिठाची गिरणी घातली, कुणी शिवणकामाचे दुकान. आज आमच्या सेक्टरातून चालत गेले तर शेजारी शेजारी उभी असलेली दोन घरे एकसारखी दिसत नाहीत. वास्तुरचनाकाराच्या डोळ्यांना हा गोंधळ खुपेल. पण त्या गोंधळात प्रत्येक कुटुंबाचा इतिहास वाचता येतो.

पीसी हा असाच भूखंड आहे. लॅमिंग्टन रोडवर जाऊन एक एक भाग निवडून आणायचा, घरी किंवा ओळखीच्या दुकानात जोडून घ्यायचा. दिवाळीच्या बोनसवर रॅम वाढवायची, दोन वर्षांनी ग्राफिक कार्ड बदलायचे. कन्सोल म्हणजे बिल्डरने चावी हातात दिलेली सदनिका. आत शिरल्याबरोबर सगळे चालू. पण भिंत पाडायची नाही, खिडकी हलवायची नाही, सोसायटीच्या परवानगीशिवाय बाहेरचा सुतारही आणायचा नाही. ह्या व्यवस्थेचे अर्थकारणही बिल्डरला शोभेल असेच आहे. सोनीने २००६ साली आणलेले प्लेस्टेशन ३ बनवायला जेवढा खर्च येत होता त्यापेक्षा कमी किमतीला विकले जात होते. तूट भरून काढायची ती पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळामागच्या वाट्यातून. म्हणजे यंत्र स्वस्त, पण त्याच्या दारातून आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर जकात.

प्रकाशकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. सर्व सदनिकांचे दरवाजे एकाच मापाचे असतील, तर सोफा बनवणाऱ्याला काळजी नसते. चारकोपच्या घरांत सोफा पोचवायचा तर प्रत्येक जिन्याचे वळण वेगळे. पीसीवरचा खेळ हजारो प्रकारच्या यंत्रांवर चालवून पाहावा लागतो; आणि एवढे करून त्याची चोरटी प्रत पहिल्याच दिवशी बाजारात येण्याची भीती. ही भीती खोटी नव्हती. ज्यांचे तारुण्य मुंबईत १९९० नंतरच्या दशकात गेले, त्यांना पदपथावर मांडलेल्या त्या चकत्या, त्यांवरची धूसर झेरॉक्स मुखपृष्ठे आणि विक्रेत्याचे ‘चालली नाही तर बदलून देतो’ हे आश्वासन आठवत असेल. अधिकृत हमीपत्रापेक्षा ते अधिक पाळले जाई, हेही नमूद केले पाहिजे.

परंतु चोरीवर योजलेले उपाय पाहिले की एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. त्यांचा जाच चोराला झालाच नाही. झाला तो पैसे मोजणाऱ्याला. २००८ साली ‘स्पोर’ हा खेळ आला तेव्हा विकत घेतलेली प्रत फक्त तीन वेळा कार्यान्वित करता येईल अशी अट होती. ज्याने तीनदा यंत्र बदलले, त्याने प्रकाशकाकडे विनवणी करायची. चोरटी प्रत मात्र प्रकाशनाच्या आधीच नेटवर हिंडत होती आणि तिला असली कोणतीच अट नव्हती. २०१० साली युबिसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड २’ पीसीवर आणला तो अशा बंधनासह, की एकट्याने खेळायच्या ह्या खेळालाही कंपनीच्या सर्व्हरशी अखंड जोडलेले राहावे लागे. मार्च महिन्यातच ते सर्व्हर कोलमडले आणि प्रामाणिक गिऱ्हाईक बंद दारापुढे उभे राहिले. घराची चावी मालकाच्या खिशात नसून पहारेकऱ्याच्या खिशात आहे, आणि पहारेकरी जेवायला गेला आहे, असा हा प्रकार.

दुसरी तक्रार उशिराची आणि उष्ट्याची. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ कन्सोलवर आला सप्टेंबर २०१३ मध्ये, पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. ‘रेड डेड रिडेम्प्शन’ कन्सोलवर २०१० सालचा. पीसीवाल्यांना तो मिळाला २०२४ साली. मे महिन्यातल्या आंब्यासाठी चौदा वर्षे थांबायला लावावे, तसे. आणि कधी कधी वेळेवर आले तेही धड आले नाही. जून २०१५ मध्ये ‘बॅटमॅन : अर्कम नाइट’ पीसीवर इतक्या दुरवस्थेत आला की प्रकाशकाला काही दिवसांतच त्याची विक्री थांबवावी लागली, ती पुन्हा सुरू झाली ऑक्टोबरात. न्याय म्हणून हेही सांगायला हवे की सदनिकाधारकही नेहमी सुखी नव्हते. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ जुन्या कन्सोलवर अक्षरशः मोडून पडत होता आणि सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला होता. पण तिथे निदान तक्रार ऐकायला सोसायटीचे कार्यालय होते.

ह्या तक्रारींतली एक आमच्या घरातही येऊन गेली. दहाबारा वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टापायी आम्ही एका मोठ्या प्रकाशकाचा पीसी-खेळ दुकानातून खोक्यासकट विकत घेतला. खोक्यात एक चकती होती आणि एक कागद. चकतीत खेळाचा थोडासाच भाग. उरलेला नेटवरून उतरवून घ्यायचा. केबलवाल्याच्या जोडणीची महिन्याची मर्यादा त्यात चौथ्या दिवशी संपली. आमच्या गल्लीत तळमजल्यावर संगणक दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या तरुणाला आम्ही खोके दाखवले. तो हसून म्हणाला, “सर, ह्यात गेम नाही हो, गेमची पावती आहे.” पुढे वर्षभराने मुलाला तो खेळ मामेभावाला द्यावासा वाटला, तेव्हा कळले की कागदावरचा क्रमांक एकदा एका खात्याला चिकटला की चिकटला. त्याच सुमारास शेजारचा प्लेस्टेशनवाला मुलगा खेळून झालेली चकती दुकानात देत होता आणि थोडे पैसे घालून दुसरी घेत होता.

इथे आमचे रूपक उलटे होते, आणि ते तसे होऊ दिले पाहिजे. यंत्राच्या बाबतीत मालक असलेला पीसीवाला खेळाच्या बाबतीत सर्वांत आधी भाडेकरू झाला. २००४ साली ‘हाफ-लाइफ २’ची दुकानातून आणलेली प्रतही स्टीम ह्या सेवेत खाते उघडल्याखेरीज चालत नव्हती, तिथून पीसीवरचा जुन्या प्रतींचा बाजार जवळजवळ संपलाच. फाउंटनच्या पदपथावरून अर्ध्या किमतीत जुनी पुस्तके घेऊन ज्यांनी एम.ए. केले, त्यांना ह्या नुकसानाचा अर्थ वेगळा सांगायला नको. जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानावरची अनोळखी सही, समासातली पेन्सिलीची टिपणे, हे सर्व वाचनसंस्कृतीचेच अंग असते. ज्या वस्तूला दुसरा मालक मिळू शकत नाही, तिला असा इतिहासही उरत नाही.

आणि तरीही पीसीच्या बाजूला एक गोष्ट शिल्लक राहिली, जी कन्सोलला कधीच मिळाली नाही : दुरुस्तीचा अधिकार. ‘डार्क सोल्स’ हा विलक्षण अवघड आणि तितकाच काव्यमय खेळ २०११ साली कन्सोलवर आला. पीसीवाल्यांनी हजारो सह्यांची मागणी केली, तेव्हा २०१२ साली तो पीसीवर आला. पण घाईघाईत, पडद्यावरचे चित्र कमी तपशिलात गोठवलेले, अशा रूपात. ‘दुरांते’ हे टोपणनाव घेतलेल्या एका खेळाडूने प्रकाशनानंतर लगोलग एक छोटीशी जोड लिहून ते चित्र मोकळे केले आणि ती जोड सर्वांना फुकट दिली. पदरचा वेळ घालून दुसऱ्याच्या कृतीची शुद्ध प्रत तयार करणारा हा माणूस आम्हांला परका वाटत नाही. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीचे पाठ तपासून प्रत सिद्ध केली, ती परंपरा आम्ही वर्गात शिकवतो. दोन्ही कामांची थोरवी एक आहे असे कुणी म्हणणार नाही. पण वृत्ती एकाच कुळातली आहे. कृतीवर प्रेम करणारा वाचक तिच्यातली अशुद्धे सहन करत नाही. तसेच भाष्याचे. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा आपल्याकडच्या सायबर कॅफेंत एका पिढीने रात्र रात्र खेळलेला खेळ मुळात ‘हाफ-लाइफ’वर खेळाडूंनी रचलेले एक भाष्य होते, मग तो स्वतंत्र ग्रंथ झाला. कुलूपबंद सदनिकेत असे काही जन्माला येत नाही. वरचा मजला भूखंडावरच चढतो.

आपल्याकडच्या निर्मितीचे एक उदाहरणही ह्याच संदर्भात आठवते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या चमूने ‘राजी : अॅन एन्शन्ट एपिक’ हा खेळ केला. भावाच्या शोधात निघालेली नटकसबी मुलगी, दुर्गा आणि विष्णू ह्यांचे निवेदन, पहाडी लघुचित्रांची छाया असलेली दृश्ये. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी चमूने काम सोडले नाही. खेळ आला ऑगस्ट २०२० मध्ये आणि तो पहिल्यांदा आला निन्टेन्डो स्विच ह्या यंत्रावर, ज्याची भारतात अधिकृत विक्रीच होत नव्हती. पीसीवर तो ऑक्टोबरात पोचला. दोष चमूचा नव्हे. व्यवहाराच्या वाटा तशाच आखलेल्या आहेत. पण पुण्यात घडलेली कथा पुण्याच्या मुलांच्या टेबलावर उशिरा पोचावी, ह्यात आपल्या बाजारातल्या स्थानाविषयी बरेच काही आहे.

गेल्या काही वर्षांत प्रकाशकांचे वागणे सुधारले असे म्हणावे लागेल. सोनीसारखी कंपनीही २०२० पासून आपले मोठे खेळ पीसीवर आणू लागली. मात्र पाहुणे आले ते आपली नोंदवही घेऊन. मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’च्या पीसीवाल्यांना सोनीचे खाते जोडण्याची सक्ती जाहीर झाली, लाखो खेळाडूंनी प्रतिकूल अभिप्रायांचा असा पाऊस पाडला की काही दिवसांत ती मागे घ्यावी लागली. त्याआधीच, ३१ मार्च २०२४ रोजी, युबिसॉफ्टने ‘द क्रू’ ह्या २०१४ सालच्या खेळाचे सर्व्हर बंद केले होते. पीसी असो की कन्सोल, विकत घेतलेला खेळ सर्वांच्याच हातून गेला. भूखंडधारक आणि सदनिकाधारक एका रांगेत उभे राहिले, आणि त्या रांगेतून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ निघाली. युरोपीय संघाकडच्या तिच्या अर्जाने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. पुढे काही चाहत्यांनी स्वतःचा सर्व्हर रचून ‘द क्रू’ पुन्हा चालता केला, अर्थात पीसीवर. दुसरीकडे कॅलिफोर्नियाने २०२४ साली कायदा केला, की केवळ परवाना देत असाल तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ असे म्हणता येणार नाही. आमच्या गल्लीतल्या तरुणाचे पावतीविषयीचे वाक्य असे कायद्याच्या भाषेत आले.

हे सर्व खेळणाऱ्यांपुरते आहे असे समजून साहित्यवाल्यांनी निश्चिंत राहू नये. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने वाचकांच्या किंडलमधून ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटीफोर’ परस्पर पुसून टाकली होती. आमच्या महाविद्यालयांची ग्रंथालये आता कपाटांऐवजी वर्गणीने भरतात. वर्गणी थांबली की कपाट रिकामे. खेळणाऱ्या मुलांनी ह्या प्रश्नावर भांडायला आमच्या कितीतरी आधी सुरुवात केली, आणि ती भाषाही नेमकी वापरतात : विकत घेणे म्हणजे काय, प्रत म्हणजे काय, प्रकाशकाचा अधिकार कुठे संपतो. मराठीच्या तासाला शब्दार्थावर एवढी झुंज क्वचितच होते.

चारकोपचे भूखंड वाटले गेले तेव्हा अनेकांनी शंका घेतली होती, की गरीब माणसे नीट घरे बांधू शकणार नाहीत. त्यांनी ती बांधली. वेडीवाकडी, पण राहती. वाचकावर आणि खेळाडूवर तेवढा विश्वास टाकायला प्रकाशकांना अजून जमलेले नाही. तो त्यांनी टाकेपर्यंत, ज्या प्रती हातात उरल्या आहेत त्या सांभाळून ठेवणे, दुरुस्त करणे आणि पुढच्याच्या हाती देणे, एवढे काम आपल्याकडे आहे. ते आपल्या व्यवसायाला नवे नाही.