ओ पाहुणे, झोपले का जी?

गेल्या वर्षी अप्रेझलनंतर मी दोन गोष्टी केल्या. बॉसला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि ४,८०० रुपयांचा एक चाकू मागवला.

हसू नका. रात्री जेवताना ताटासमोर मोबाइल टेकवून तुम्हीही ते व्हिडिओ बघितले असणार. स्वीडन नाहीतर कॅनडातलं जंगल, बर्फ आणि एक दाढीवाला माणूस. तो बोलत नाही. लाकडं फोडतो, बर्चची साल पेटवतो (ती ओली असली तरी पेटते म्हणे), तव्यावर मासा परततो आणि झोपून जातो. ना मीटिंग, ना 'जस्ट अ क्विक कॉल'. या प्रकाराला बुशक्राफ्ट म्हणतात. चाकूमागोमाग माझ्याकडे झोळी आली, ठिणग्या पाडायची फेरो रॉड आली, घडीची करवत आली. राहिलं होतं फक्त जंगल. आणि ते तर घरचंच होतं! माझे मामा आरमोरीला राहतात. गडचिरोली जिल्हा. दोन तृतीयांशाहून जास्त जंगल.

जानेवारीत चार दिवस रजा टाकली. पुण्याहून नागपूर, तिथून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत एस.टी. आणि वैनगंगेचा पूल ओलांडला की आरमोरी. मामींनी चहा दिला. मी सॅक उघडून सगळं सामान पलंगावर मांडलं आणि प्लॅन सांगितला. एकटा, जंगलात, एक रात्र.

मामांनी चाकू उचलला, खाली ठेवला.

"वाघाले पार्टी देतं का बे?"

मग जे ऐकलं ते मला आधी माहीत असायला हवं होतं, पण मी रिव्ह्यू वाचत होतो चाकूचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये शेजारच्या वडशाच्या जंगलात सीटी-१ नावाचा वाघ वनखात्याने पकडला, तेव्हा १३ माणसांचे बळी त्याच्या नावावर होते. त्याच्या आदल्या वर्षी छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात आला आणि धानाच्या पुंजण्यांवर ताव मारू लागला. शिवाय राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं आणि तिथे आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. स्वीडनमध्ये जंगलात एखादी रात्र तंबू ठोकायचा हक्क सगळ्यांना आहे. तिथे वाघ नाहीत, हेही आहेच.

माझं तोंड पडलेलं बघून मामींनाच दया आली. "जागलीले पाठवा ना त्याले."

जागल म्हणजे रात्रभर शेत राखणं. धान कापायच्या थोडं आधी उभ्या पिकातच लाखोळी फेकतात, जमिनीतल्या ओलीवर ती उगवते. याला उतेरा म्हणतात. जानेवारीत ती बांधीभर हिरवी असते आणि रानडुकरांना आणि चितळांना भारी आवडते. मग प्रत्येक शेतात मचाण, खाली शेकोटी आणि वर एक माणूस. मामांचं शेत जंगलाला लागूनच. अटी अशा : स्वयंपाक उजेडात उरकायचा आणि अंधार पडल्यावर खाली उतरायचं ते फक्त शेकोटीत लाकूड सारायला.

फेरो रॉडची गोष्ट थोडक्यात सांगतो. पस्तीस मिनिटं ठिणग्या पाडल्या. बर्च इथे कुठून येणार? शेजारच्या बांधीतला एक माणूस बराच वेळ बघत उभा होता. शेवटी त्याने माझाच चाकू मागून वाळलेल्या बांबूची पातळ छिलकं काढली, त्यांचा भुगा केला आणि खिशातली काडेपेटी काढली. बांबूवर धावड्याची लाकडं रचली. त्याचा निखारा खूप वेळ टिकतो.

पानगे मात्र मी एकट्याने केले. कणकेत मीठ आणि ओवा, घट्ट मळून जाड थापायचं, वर-खाली पळसाचं पान लावायचं आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर सोडून द्यायचं. पान जळतं, त्याच्या शिरांची नक्षी पानग्यावर उमटते. शेजारी दोन वांगी भाजली, त्यात लसूण, मिरची, कच्चं तेल. एक बाजू करपली होती, पण वडील असते तर 'वा' म्हणाले असते. मी एकट्यानेच म्हटलं आणि फोटो काढले.

अंधार पडला तसा फोटोंचा मूड गेला. थंडी मचाणाच्या फटींतून खालून येते, हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. लांब कुठल्या तरी गावातून नाटकाच्या भोंग्याचा आवाज येत होता. वडसा म्हणजे झाडीपट्टी नाटकांचं माहेरघर, हिवाळ्यात इकडे रात्र-रात्रभर नाटकं चालतात. तो आवाज वाऱ्याबरोबर यायचा आणि जायचा. गेला की जंगलाचा आवाज सुरू व्हायचा. एकदा चितळ ओरडलं. ते कशाला बघून ओरडतं, हे मी वाचलेलं होतं.

आणि दर अर्ध्या तासाने शेजारच्या बांधीतून हाक यायची.

"ओ पाहुणेऽ, झोपले का जी?"

"नाहीऽ!"

पहिल्या दोन हाका गोड वाटल्या. तिसऱ्या-चौथ्या हाकेला चक्क वैताग आला. अरे बाबा, मी एक हजार किलोमीटर आलोय ते कुणी हाक मारू नये म्हणूनच! पाचवीला मी उत्तरच दिलं नाही. पुन्हा हाक आली. मग डबा बडवल्याचा आवाज. मग काठीचा, पळत्या पावलांचा. तो अंधारातून, कमरेएवढ्या तुरीतून, हातात जळकं लाकूड घेऊन माझ्या मचाणाखाली आला होता.

"जागे आहा का?"

"आहे ना. काय झालं?"

"मंग बोलत काहून नाही?" त्याला धाप लागली होती. मी काहीच बोललो नाही. तो माझ्या शेकोटीजवळ बसला, विझत आलेली लाकडं आत सारली, फुंकर घातली. हात शेकत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "माय गेली माही. मोहफुलं वेचत होती. आवाज दिला, तर बोललीच नाही."

मोहफुलं मार्च-एप्रिलात पडतात, पहाटेच वेचायला जावं लागतं, वाकून. एवढं मला माहीत होतं. पुढचं मी विचारलं नाही.

"तुमी आले तं बरं वाटलं," तो म्हणाला. "या मचाणावर चार रात्री झाल्या, कोणीच नव्हतं. मले एकट्याले भेव लागते ना जी."

तो परत निघाला तेव्हा त्याचं लाकूड पार त्याच्या मचाणापर्यंत हलताना दिसत होतं. ते थांबलं तशी मीच हाक मारली, "ओ भाऊऽ, पोचलेऽ का?" मग पहाटेपर्यंत आळीपाळीने. मोबाइलवर दर वीस मिनिटांचा गजर लावला होता. ऑफिससाठीही मी इतका वक्तशीर कधी नव्हतो.

उजाडल्यावर तो चहा घेऊन आला. उरलेला पानगा आम्ही राखेत गरम केला. करपलेली बाजू त्याने घेतली. चाकू हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघितला.

"केवढ्याचा?"

"पाचशेचा," मी म्हणालो.

"महाग पडला," तो म्हणाला आणि पुसून माझ्या हातात दिला.