अर्धा तास

खोली सोडून आज अकरावा दिवस. घर म्हणजे पाठीवरची पिशवी. बदलापूरच्या फलाटावर रेलटेलच्या वायफायला नंबर दिला, ओटीपी आला, फुकटचा अर्धा तास सुरू झाला. २०१६ साली मुंबई सेंट्रलला ही सोय आली तेव्हा गंमत म्हणून गाणी उतरवली होती. आता अर्ज भरतो.

वीज मिळणं त्याहून अवघड. अंबरनाथला टपरीवाले काका चार्जर लावू देतात. मी उगाच दुसरा चहा घेतो. लाज नाही ती, मिंधेपणाची कसलीशी चव.

काल उल्हासनगरात प्लग सैल निघाला. वायर बोटाने दाबून बसलो, बॅटरीची हिरवी रेघ सरकताना बघत. लोकल आली, गेली. आईचा मेसेज आला होता : जेवलास का? उत्तर अजून दिलेलं नाही.