मिरारोड गेलं का?

1986 साली माझ्या आत्याच्या पोटाची दुर्बिणीने तपासणी झाली, परळच्या एका मोठ्या रुग्णालयात. भाईंदरला नगरपालिका होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. स्टेशनापासून थोडं पुढे गेलं की मिठागरं लागायची, आणि असल्या तपासणीसाठी मुंबईच गाठावी लागे. पहाटेची लोकल, उपाशी पोट, पिशवीत जुने कागद.

गुंगीसाठी काम्पोज दिलं, म्हणजे डायझेपॅम. शिरेत जाताना आत्याचा हात भगभगला. हे औषध पाण्यात विरघळत नाही आणि ज्या द्रवात ते मिसळतात तो शिरेला झोंबतो, हे मला फार नंतर समजलं. "अगं बाई" म्हणत तिने माझी ओढणी घट्ट धरली, आणि दोनेक मिनिटांत मूठ सैल पडली. जुनी औषधं सावकाश चढायची असं आपण समजतो, पण काम्पोज झपकन चढायचं. उतरायचं मात्र नाव घेत नसे.

तपासणी दहा मिनिटांची. त्यानंतर दुपार सरेपर्यंत आत्या बाकड्यावर झोपली. एक सिस्टर अधूनमधून येऊन तिच्या मनगटावर बोटं ठेवून जाई. तेवढाच पहारा, पण त्या बाईंची बोटं मी विसरलेले नाही. संध्याकाळी दादरला विरार गाडीत कशीबशी चढलो. आत्याचं डोकं माझ्या खांद्यावर. दर दोन स्टेशनांनी डोळे उघडून विचारायची, "मिरारोड गेलं का?" अंधेरीलाही तेच, बोरिवलीलाही तेच. दुसऱ्या दिवशी ती ठामपणे सांगू लागली, "काही केलंच नाही गं त्यांनी माझं." दुर्बीण, बाकडं, गाडी, सगळं पुसलं गेलं होतं. डायझेपॅम शरीरातून निम्मं व्हायलाच एक-दोन दिवस लागतात, आणि त्यापासून शरीरात जे दुसरं द्रव्य बनतं ते त्याहून जास्त रेंगाळतं. म्हाताऱ्या माणसात तर आणखीच.

पुढे 2004 साली यजमानांची तपासणी बोरिवलीत झाली तेव्हा मिडाझोलम आलेलं होतं. हात झोंबला नाही. गंमत अशी की हे नवं औषध चढायला उलट जास्त वेळ घेतं. पूर्ण अंमल यायला तीन ते पाच मिनिटं लागतात. ते नवीन होतं तेव्हा परदेशात काही डॉक्टरांनी डायझेपॅमच्याच सवयीने मात्रा दिल्या, पहिली चढण्याआधीच दुसरी टोचली, आणि श्वास मंदावून काही रुग्ण दगावले. यजमानांचे डॉक्टर थोडं औषध देऊन घड्याळाकडे बघत शांत उभे राहिले. त्या थांबण्याबद्दल मला आजही आदर वाटतो.

यंदा माझी पाळी आली. भाईंदरमध्येच, घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. यावेळी प्रोपोफॉल, दुधासारखं पांढरं. सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या लेसिथिनचं ते मिश्रण असतं. जॉन ग्लेन या मुळात पशुवैद्य असलेल्या संशोधकाने ते पुढे आणलं आणि 1986 मध्येच, आत्या त्या बाकड्यावर झोपली त्याच साली, ते इंग्लंडमध्ये बाजारात आलं. भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "ताई, थोडं चुरचुरेल, मनात आकडे मोजा." मी बाराच्या पुढे गेल्याचं आठवत नाही. हातातून निघालेलं रक्त हृदयातून मेंदूत पोचायला जेवढा वेळ, तेवढ्यातच, तीस-चाळीस सेकंदांत, झोप लागते. मग तेच औषध मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत पांगतं, म्हणून देणं थांबवलं की काही मिनिटांत जाग येते.

पण झोप आणि श्वास थांबणं यांच्यात इथे फार थोडं अंतर असतं. डायझेपॅम-मिडाझोलमला उतारा आहे, प्रोपोफॉलला नाही. म्हणून मॅडम सगळा वेळ माझ्या डोक्याशी उभ्या होत्या, बोटाला चिमटा लावलेला, ऑक्सिजन मोजणारं यंत्र टुकटुकत होतं. मला तो आवाज त्या सिस्टरच्या बोटांसारखाच वाटला.

अर्ध्या तासात चहा-बिस्किटं मिळाली. चोवीस तास गाडी चालवायची नाही, कशावर सही करायची नाही, असं बजावून मुलाच्या हाती सोपवलं. रिक्षात मी टक्क जागी होते. मुलगा फोनवर बोलत होता. पुलावरून जाताना खाली विरार गाडी गेली आणि मी नकळत खांदा थोडा खाली केला, कुणाला डोकं टेकता यावं म्हणून.