उलटी अक्षरे

शाळेची घंटा माझ्यासाठी वाजेनाशी झाली, त्यास आता पाच वर्षे होतील. आमच्या लोणावळ्यात पावसाळ्याचे चार महिने घराबाहेर पडण्याची सोय नसते. धुके खिडकीतून आत येते, कागद पापडासारखा सादळतो, पुस्तकांना बुरशीचा वास येतो. अशा दिवसांसाठी मी तीन छंद जोडले आहेत. ठसे कोरून चित्रे छापणे हा पहिला, संगीताचा इतिहास धुंडाळणे हा दुसरा आणि शब्दांचे खेळ हा तिसरा. या तिघांचा एकमेकांशी संबंध काय, असे माझे स्नेही विचारतात. मला तर ते एकाच घरातले वाटतात. कारण तिन्हींत काही ना काही उलटे करून पाहावे लागते.

शब्दांच्या खेळाला सामग्री लागत नाही, म्हणून त्याचे आधी सांगतो. ‘नवीन’ हा शब्द शेवटाकडून वाचा. तो नवीनच राहतो. ‘जलज’, ‘कनक’, ‘नवजीवन’ यांचेही तसेच. ‘समास’ हा शब्द स्वतःच उलटसुलट सारखा आहे, हे मी वर्गात हटकून दाखवीत असे. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य तर तुम्ही ऐकलेच असेल. ‘चिमा काय कामाची’ हेही लोक त्याच पंक्तीत बसवतात. परंतु आरंभी ऱ्हस्व ‘चि’ आणि अंती दीर्घ ‘ची’ असल्यामुळे मी त्याला पूर्ण गुण देत नाही. मास्तरकी सुटली, तरी लाल शाई सुटत नाही!

ठसा कोरताना मात्र एवढ्याने भागत नाही. लिनोलियमच्या तुकड्यावर ‘कनक’ कोरायचे, तर प्रत्येक अक्षराला आरशात पाहिल्यासारखे तोंड फिरवावे लागते. काना अक्षराच्या उजवीकडचा डावीकडे येतो. आपल्या वर्णमालेत ‘ठ’ तेवढा असा स्थितप्रज्ञ, की आरशातही तो ‘ठ’च राहतो. शेजारची सातवीतील मुलगी माझ्याकडे ठसे कोरायला येते. आपले नाव उलटे कोरून, त्यावर शाईचा रूळ फिरवून, कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासल्यावर ते सुलटे उमटले, तेव्हा तिने विचारले, “आजोबा, पूर्वीच्या मोठ्या छापखान्यांत असे उलटे कोण लिहीत असे?”

तिच्या प्रश्नाचा माग आमच्या मावळातच लागतो. थोर चित्रकार राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला. देवदेवतांची चित्रे राजवाड्यांतून सामान्यांच्या घरी पोचावीत, ही त्यामागची इच्छा. ‘शकुंतला जन्म’ हे तेथे छापलेले पहिले चित्र. पुढे १८९६ साली मुंबईत प्लेग आला, कामगार पांगले आणि अखेर १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळील मळवलीस आला. काही वर्षांतच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. ‘कार्ला-लोणावळा’ हा पत्ता असलेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे येथून देशभर गेली. १९७२ साली आगीत हा छापखाना नष्ट झाला.

तेथील छपाई शिळाछापाची होती. या पद्धतीचा शोध १७९६ च्या सुमारास आलोइस झेनेफेल्डर या नाटककाराने लावला. स्वतःची नाटके स्वस्तात छापता यावीत, म्हणून तो प्रयोग करीत होता. एकदा धोबिणीला द्यायची कपड्यांची यादी लिहायला कागद मिळेना, तेव्हा त्याने ती दगडावर लिहिली, आणि तेथून त्याला मार्ग सापडला, असे त्यानेच सांगून ठेवले आहे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढेच त्यातले गुपित. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढतात व दगड ओला करतात. मग रूळ फिरवला की छपाईची शाई फक्त चित्रावर बसते, ओला भाग तिला नाकारतो. प्रत्येक रंगाला निराळा दगड! कागद केसभर सरकला, तरी लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर जायचा. मावळातल्या पावसात, कागद फुगत असताना, ही कामगिरी पार पाडणाऱ्यांचे मला फार नवल वाटते. परंतु चित्राखाली रविवर्म्यांचे आणि छापखान्याचे नाव दिसते. दगडावर उलटी रेघ ओढणाऱ्या हाताचे नाव मी एकाही चित्रावर पाहिलेले नाही.

संगीताच्या इतिहासात मला याच्या उलट गोष्ट सापडली. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले. त्या काळच्या तबकड्या जर्मनीतील हानोव्हर येथे तयार होत. तबकडी हाही एक छापच होय. तबकडीत जेथे खाच, तेथे साच्यावर उंचवटा. तीन मिनिटांचे गाणे संपताच गौहरजान स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत. दूर देशातल्या कारागिराने तबकडीवर नाव अचूक लिहावे, हा त्याचा उपयोग. शहाणी बाई!

मळवली स्थानकाच्या एका अंगाला भाज्याची लेणी आहेत. तेथे ढोलवाद्यांची जोडी वाजवणारी स्त्री आणि तिच्यापुढे नाचणारी दुसरी स्त्री कोरलेली आहे. तोच तबल्याचा पूर्वज, असे कोणी म्हणतात. मी तितका पुढे जात नाही. स्थानकाच्या दुसऱ्या अंगाला कार्ले. तेथील भव्य चैत्यगृहाच्या दाराशी ब्राह्मी लिपीत लेख आहे, की धेनुकाकटचा सुतार, वेणुवासाचा पुत्र सामी याने हे द्वार केले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराचे नाव आपल्याला ठाऊक आहे आणि परवापरवाच्या शिळाछापवाल्यांचे नाही!

म्हणून मी एक वही घातली आहे. मळवली आणि भोवतालच्या गावांत कोणाचे आजोबा, पणजोबा त्या छापखान्यात होते, याची विचारपूस करीत असतो. वहीची पाने अद्याप कोरी आहेत. मात्र परवा एका गावकऱ्याने सांगितले, की त्यांच्या वस्तीवर विहिरीपाशी कपडे धुण्याचा एक दगड आहे, अगदी गुळगुळीत आणि पिवळसर. आमच्या मावळातला कातळ तर काळा. छापखान्याचे दगड बव्हेरियाच्या खाणींतून येत आणि त्यांचा रंग पिवळसर राखी असे. पाऊस उघडला, की रविवारी आम्ही दोघे तो दगड पाहायला जाणार आहोत. शेजारच्या मुलीने बरोबर न्यायला घरचा लहान आरसा आत्ताच पिशवीत घालून ठेवला आहे.