भाजी अळणी की नाक मंद?

कांद्याच्या हंगामात बाहेरगावचा पाहुणा विंचुरात उतरला की हवेतील उग्र दर्प त्याला लगेच जाणवतो. येथे राहणाऱ्या आम्हांला तो सहसा जाणवतही नाही. आमची नाके बिघडलेली नसतात. एकच वास सतत येत राहिला की नाक आणि मेंदू काही वेळाने त्याची दखल घेणे सोडून देतात. एकाच हवेत उभ्या असलेल्या दोघांचा अनुभव असा वेगळा असू शकतो आणि दोघेही खरेच बोलत असतात.

हे ध्यानात ठेवले तर घरातील पुष्कळ कुरबुरी टळतील. ‘सूनबाईच्या हाताला चव नाही’ ही तक्रार दवाखान्यात मी नेहमी ऐकतो आणि ‘आईंना माझे काहीच आवडत नाही’ हे तिचे उत्तरही. अशा वेळी मी घरातील तरुण मंडळींना एक प्रयोग सुचवतो. डोळे मिटून, नाक चिमटीत धरून दुसऱ्याने दिलेली चिमूटभर बडीशेप सावकाश चावावी. जिभेला किंचित गोडी कळते. पण ही बडीशेपच, असे सांगणे कठीण जाते. नाक सोडताच ओळख पटते. आपण जिला चव म्हणतो, तिचा मोठा भाग वास असतो. वयाबरोबर घ्राणशक्ती मंदावते आणि तीच आमटी बेचव वाटू लागते. मग वरून मीठ घेतले जाते आणि रक्तदाबाला ते मानवत नाही. त्याऐवजी लिंबू, आले, कोथिंबीर, जिऱ्याची फोडणी यांचा हात थोडा सैल सोडावा.

वास मंदावण्यात एक धोकाही आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. ज्यांना तो वास येत नाही, त्यांच्या घरी शेगडी, नळी आणि रात्री रेग्युलेटर बंद करणे, हे दुसऱ्याने पाहावे.

दुसरा प्रयोग तीन पातेल्यांचा. एकात माठातील गार पाणी, दुसऱ्यात साधे, तिसऱ्यात कोमट. एक हात गार, एक हात कोमट पाण्यात मिनिटभर ठेवून दोन्ही हात एकदम साध्या पाण्यात बुडवावेत. तेच पाणी एका हाताला ऊन, दुसऱ्याला गार लागते. त्वचा ही तापमापक नव्हे. ती मुख्यतः बदल कळवते आणि अर्थ मेंदू लावतो. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर ही खबरच पोहोचत नाही. अशांच्या अंघोळीचे पाणी दुसऱ्याने कोपराने पाहावे.

तिसरा प्रयोग केवळ धडधाकट मंडळींनी करावा, ज्येष्ठांनी नव्हे. भिंतीजवळ एका पायावर उभे राहून डोळे मिटावेत. क्षणात तोल डळमळतो. डोळे, कानाचा आतला भाग आणि पायांचे तळवे व सांधे, या तिघांच्या खबरी जुळवून मेंदू तोल राखतो. उतारवयात यांतील दोन खबरी अस्पष्ट झालेल्या असतील, तर भिस्त डोळ्यांवर राहते. अंधारात तोही आधार जातो. म्हणून पलंगापासून मोरीपर्यंत रात्री मंद दिवा असावा आणि वाटेत पायपुसणी, वायर असू नयेत.

हे सर्व बदल हळूहळू होतात. मात्र एका बाजूचे हातपाय एकाएकी बधिर किंवा लुळे पडले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळू लागले किंवा अचानक दिसेनासे झाले, तर त्याला वय म्हणून सोडून देऊ नये. थोड्या वेळात बरे वाटले तरी रुग्णाला तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. इतर वेळी ‘मला असे वाटते’ असे ज्येष्ठ म्हणाले, तर आधी त्यांच्यावर विश्वास ठेवावा आणि मग कारण शोधावे.