साभार परत

मासिकाकडे पाठवलेले लिखाण ‘साभार परत’ येणे म्हणजे काय, हे मराठी वाचकांना वेगळे सांगायला नको. छायाचित्रांच्या दुनियेतही हा प्रकार आहे. जाहिराती, मासिके, पुस्तके यांना लागणारी छायाचित्रे जमवून ती वापरण्याचा परवाना विकणाऱ्या संस्थांना स्टॉक एजन्सी म्हणतात. पूर्वी तेथे मुरलेल्या छायाचित्रकारांच्याच स्लाइड जात. पुढे आयस्टॉकफोटो २००० साली आणि शटरस्टॉक २००३ साली सुरू झाली आणि इंटरनेटमुळे माझ्यासारख्या हौशी गृहिणीलाही घरबसल्या छायाचित्रे पाठवता येऊ लागली.

आम्ही बंगळूरकर. जानेवारी आणि ऑगस्टमध्ये लालबागेच्या काचघरात पुष्पप्रदर्शन भरते. तेथील गुलाबांची माझी छायाचित्रे पाहून घरचे आणि शेजारचे सगळे खूश! एजन्सीने मात्र ती नाकारली. कारण एका ओळीचे : ‘या विषयावरची छायाचित्रे भरपूर आहेत.’ यात गुलाबाचा दोष नव्हता आणि माझाही. दुकानात एकाच नमुन्याच्या शंभर साड्या असल्या की दुकानदार एकशे एकावी घेत नाही, इतकेच.

कृष्णराजेंद्र मार्केटमधल्या फुलबाजाराची तऱ्हा वेगळी. तो खरा रंगतो भल्या पहाटे, दिव्यांच्या उजेडात. कमी प्रकाशात कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढवावी लागते आणि मग चित्रात रव्यासारखे दाणे उमटतात. मोबाइलच्या पडद्यावर ते दिसत नाहीत. पण एजन्सीत चित्र पूर्ण आकारात मोठे करून तपासतात. उद्या एखादा ग्राहक ते रस्त्यावरच्या भल्यामोठ्या फलकावर लावील, तेव्हा तो दाणा न् दाणा दिसणार. बरे, संगणकावर दाणे पुसायला जावे, तर माणसांचे चेहरे मेणाचे दिसू लागतात!

शिवाय चित्रात कंपनीचे नाव किंवा बोधचिन्ह दिसले, तर जाहिरातीसाठी ते चालत नाही. मग ती मागची पाटी असो की दुधाची पिशवी. काही वेळा इमारतसुद्धा अडचणीची ठरते. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या वास्तूची २०१७ मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. भारतात एखाद्या इमारतीला असे संरक्षण मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

मला सर्वांत विचार करायला लावला तो चेहऱ्याच्या नियमाने. ओळखू येणाऱ्या माणसाचे चित्र जाहिरातीसाठी द्यायचे, तर त्याचे लेखी संमतिपत्र लागते. बातमी किंवा माहितीपुरते चित्र काही एजन्सी त्याशिवायही घेतात. बाजारात शेवंतीचे हार विकणाऱ्या एका अक्कांचे छायाचित्र मी त्यांना विचारूनच काढले होते. संमतिपत्र पुढे केले, तेव्हा त्यांनी कन्नडमध्ये विचारले, “हे कुठे छापणार?” खरे उत्तर एकच होते : कुठेही. तो चेहरा कोणत्या देशात, कोणत्या वस्तूच्या जाहिरातीत झळकेल, हे एजन्सीसुद्धा आधी सांगू शकत नाही. त्या हसून म्हणाल्या, “अम्मा, मी फुलं विकते, तोंड नाही.”

मी कागद घडी करून पिशवीत ठेवला. छायाचित्राची एक प्रत काढून त्यांना नेऊन दिली. एजन्सीकडे ते कधीच गेले नाही.

तोवर तो नियम मला निव्वळ कागदी सोपस्कार वाटत होता. त्यामागे एका कष्टकरी बाईचा ‘नाही’ म्हणण्याचा हक्क आहे, हे त्या दिवशी कळले.

आपल्यापैकी कोणाला ही हौस असेल, तर छायाचित्र पाठवण्यापूर्वी चार गोष्टी जरूर पाहाव्यात : पूर्ण आकारात ते स्वच्छ दिसते का, कुठे कंपनीचे नाव डोकावते का, माणसाची संमती आहे का आणि त्यात काही वेगळे आहे का. एवढे करूनही ते परत आले, तर खट्टू होऊ नये. एजन्सी पाहते ते चित्र परक्या माणसाच्या किती उपयोगी पडेल. ते आपल्याला किती प्रिय आहे, हे तिने ठरवायचे नसते. त्यासाठी घरातला अल्बम आहेच.